इंग्रजी वाक्याखाली दडलेली मराठी

विभागातून बाहेर जाणारा प्रत्येक इंग्रजी अहवाल आधी माझ्या नजरेखालून जावा असं ठरलं, तेव्हा माझी पात्रता एवढीच होती की चुकलेलं वाक्य मला टोचतं. मी गणिताची पदवीधर, शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजीशी संबंध वाचनापुरता. अहवाल लिहिणारे सहकारीही बहुतेक तसेच. कामात पक्के, आकडेमोडीत चोख, आणि व्याकरणाचे नियम विचारले तर माझ्याइतकेच तोंडपाठ असणारे. 'ही, शी, इट' असेल तर वर्तमानकाळात क्रियापदाला 'एस' लागतो हे कोणाला माहीत नाही? तरीही तो 'एस' प्रत्येक अहवालात कुठे ना कुठे गळलेला असायचाच.

सुरुवातीला मी सरळ दुरुस्त करत गेले. संगणकावर लाल खुणा करायच्या आणि फाइल परत पाठवायची. समोरचा माणूस 'ॲक्सेप्ट ऑल' दाबायचा, फाइल बाहेर जायची, आणि पुढच्या अहवालात त्याच माणसाची तीच चूक त्याच थाटात हजर. दोष त्यांचा नव्हता. लाल खुणांनी भरलेलं पान कोणी वाचत नाही. ते फक्त मिटवायचं असतं. शिवाय मी दुरुस्ती करत होते तीही कानाने. 'हे बरं वाटत नाही, असं करा.' का बरं वाटत नाही, हे विचारलं की मी अडखळायचे.

म्हणून एक वही केली. त्यात नियम लिहायचे नाहीत, चुकलेली वाक्यं लिहायची. एका रकान्यात वाक्य जसं आलं तसं, शेजारी दुरुस्त केलेलं. तिसरा रकाना नंतर वाढला, आणि तोही ठरवून नाही. एका सहकाऱ्याला मी त्याच्याच वाक्याचा अर्थ विचारला, तर तो म्हणाला, "मॅडम, मला असं म्हणायचं होतं..." आणि पुढचं सगळं मराठीत सांगितलं. अगदी सुरेख, निर्दोष मराठीत. ते मी शेजारी टिपून ठेवलं. मग प्रत्येकाला विचारायची सवयच लागली: हे मराठीत कसं म्हणाल? वही थोडी भरली तेव्हा लक्षात आलं की निम्म्याहून जास्त चुका इंग्रजीच्या अज्ञानातून आलेल्याच नाहीत. खाली मराठी वाक्य धडधाकट उभं आहे, आणि इंग्रजी शब्द त्याच्या अंगावर चढवले आहेत.

सगळ्यात ठळक उदाहरण 'हॅड'चं. 'वुई हॅड मेट लास्ट मंथ', 'आय हॅड सबमिटेड द रिपोर्ट ऑन मंडे' अशी वाक्यं ढिगाने यायची. ती चूक का होते हे मला बराच काळ कळत नव्हतं. कारण साधा भूतकाळ पूर्ण भूतकाळापेक्षा सोपा. मग माणूस अवघड वाट का धरतो? तिसऱ्या रकान्यात उत्तर होतं: 'आम्ही गेल्या महिन्यात भेटलो होतो.' 'मी सोमवारी अहवाल दिला होता.' मराठीत थोड्या लांबच्या, संपून गेलेल्या गोष्टीला आपण सहज 'होतं' लावतो. 'भेटलो' म्हटलं तर ताजं वाटतं, 'भेटलो होतो' म्हटलं की ते मागे पडतं. इंग्रजीतला 'हॅड' तसा एकटा फिरत नाही. भूतकाळातल्या दोन घटना समोर असतील आणि त्यातली आधीची कोणती हे दाखवायचं असेल, तर आधीचीला 'हॅड'. 'व्हेन वुई अराइव्ह्ड, द मशीन हॅड स्टॉप्ड': आम्ही पोचलो त्याआधीच यंत्र थांबलेलं. दुसरी घटनाच नसेल तर 'वुई मेट लास्ट मंथ' पुरतं. हे एकदा मराठीतून सांगितलं आणि ज्यांना वर्षानुवर्षं 'पास्ट परफेक्ट'ची व्याख्या येत होती, त्यांच्या लिखाणातून फालतू 'हॅड' गळायला लागले.

याचंच भावंड म्हणजे 'आय हॅव सेंट द फाइल यस्टर्डे'. मराठीत 'फाइल काल पाठवली आहे' हे बिनचूक वाक्य. इंग्रजीत 'हॅव सेंट' म्हणजे क्रिया आजच्या क्षणाशी बांधलेली; तिच्या शेजारी 'काल', 'सोमवारी', 'दोन हजार वीस साली' असा संपलेला काळ बसत नाही. वेळ सांगायची तर 'सेंट'. 'हॅव सेंट' हवं असेल तर वेळ सांगू नका. आणि तिसरं: 'आय ॲम वर्किंग ऑन धिस सिन्स फाइव्ह इयर्स'. मराठीत पाच वर्षांपासून काम 'करतोय', वर्तमानकाळ. आणि 'पासून' हा शब्द मुहूर्तालाही चालतो, मुदतीलाही. 'जूनपासून' आणि 'पाच वर्षांपासून' दोन्ही. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स', मुदत असेल तर 'फॉर', आणि क्रियापद 'हॅव बीन वर्किंग'. एका वाक्यात दोन गाठी, म्हणून एक सुटली तरी दुसरी राहते. 'फॉर' दुरुस्त करून 'आय ॲम वर्किंग' तसंच ठेवलेलं वाक्य मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता 'फॉर' दिसला की नजर आपोआप मागे क्रियापदाकडे जाते.

मग जोड्यांचा मामला. मराठी वाक्य जोडीने चालतं: जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा, जो-तो. एक हात पुढे केला की दुसरा यायलाच हवा. त्यामुळे 'ऑल्दो द टेम्परेचर वॉज हाय, बट द सील डिड नॉट फेल'. मराठी मनाला तो 'बट' काढला की वाक्य लंगडं वाटतं, मलाही वाटायचं. इंग्रजीत दोघांपैकी एकच. 'ऑल्दो' ठेवा किंवा 'बट' ठेवा. हीच गत 'ॲज द व्हॉल्व्ह वॉज क्लोज्ड, सो द प्रेशर रोज'ची. 'ज्याअर्थी-त्याअर्थी' डोक्यात असतं. 'इफ' आणि 'देन'ची जोडी मात्र इंग्रजीला चालते, त्यामुळे गोंधळ आणखी पक्का होतो: एक जोडी चालते, मग दुसरी का नाही, असा रास्त प्रश्न येतो. त्याला माझ्याकडे भाषेची लहर यापलीकडे उत्तर नाही.

अहवालात खरा धोका या चुकांनी होत नाही. 'ऑल्दो-बट' लिहिलं तरी अर्थ कळतो. धोका होतो तो नकाराने. 'ऑल द सॅम्पल्स डिड नॉट पास द टेस्ट.' याचा अर्थ एकही नमुना उत्तीर्ण झाला नाही, की काही झाले आणि काही नाही? लिहिणाऱ्याच्या मनात होतं, 'सगळे नमुने चाचणीत नापास झाले'. वाचणारा उलट समजू शकतो. 'बोथ रीडिंग्ज आर नॉट करेक्ट' हेही तसंच. एकही नाही म्हणायचं तर 'नन' किंवा 'नायदर'. काही झाले, काही नाही असं म्हणायचं तर 'नॉट ऑल'. माझ्या वहीत या वाक्याभोवती मी चौकोन काढून ठेवला आहे, कारण इथे व्याकरण हा शोभेचा विषय राहत नाही. नमुने परत मागवायचे की नाहीत, हे त्यावर ठरतं.

'च'चीही गंमत आहे. 'चाचणी सोमवारीच झाली' हे इंग्रजीत 'द टेस्ट वॉज डन ऑन मंडे ओन्ली' होऊन येतं. पण 'ओन्ली' म्हणजे फक्त. वाचणाऱ्याला वाटतं बाकीच्या दिवशी चाचणी केली नाही, ही तक्रार आहे की काय. इथला मराठी 'च' नुसता जोर देतो. इंग्रजीत तो जोर बहुतेक वेळा लिहायचाच नसतो.

संख्येच्या चुकांतही खालची मराठी अशीच डोकावते. 'वन ऑफ द मेन रीझन' ही प्रत्येक विभागाची लाडकी चूक असावी. मराठीत 'मुख्य कारणांपैकी एक कारण' म्हणताना शेवटचा शब्द एकवचनी, तोच कानात राहतो. इंग्रजीत ढिगाचं नाव आधी आलेलं असतं, म्हणून 'रीझन्स'. 'अ फाइव्ह-डेज ट्रायल' उलट दिशेने चुकतं: 'पाच दिवसांची चाचणी' मध्ये दिवस अनेक, पण इंग्रजीत तो शब्द विशेषणाच्या रांगेत गेला की त्याचं अनेकवचन गळतं. 'फाइव्ह-डे ट्रायल', 'टेन-मीटर पाइप'. आणि 'इक्विपमेंट्स', 'इन्फर्मेशन्स', 'एव्हिडन्सेस', 'सॉफ्टवेअर्स', 'ॲडव्हाइसेस'. आपल्याकडे उपकरणं मोजता येतात, पुरावे मोजता येतात, सल्ले तर नको इतके मोजता येतात. इंग्रजीने हे शब्द पाण्यासारखे धरले आहेत. मोजायचे तर आधी भांडं द्यावं लागतं, 'थ्री पीसेस ऑफ इक्विपमेंट'. याला तर्क नाही, यादी आहे. मी यादी करून भिंतीवर लावली. भिंतीवरच्या बाकी सगळ्या कागदांचा उपयोग शून्य झाला, या एकाचा झाला.

उपपदांना मात्र यादी पुरत नाही. 'अ', 'ॲन' आणि 'द' या तीन टिचभर शब्दांवर माझा जेवढा वेळ गेला तेवढा बाकी सगळ्यावर मिळून गेला नसेल. 'द' हा इंग्रजीत सर्वांत जास्त वापरला जाणारा शब्द. साधारण दर वीस शब्दांत एक. म्हणजे एका पानाच्या मजकुरात पंधरा-वीस वेळा निर्णय घ्यायचा, आणि मराठीत असा निर्णय कधी घ्यावाच लागत नाही. रशियन आणि जपानी माणसांचीही इथेच अडचण होते, कारण त्यांच्याही भाषांत उपपदं नाहीत. आपण 'पंप बंद पडला' म्हणतो. कोणता पंप ते ऐकणाऱ्याला संदर्भाने कळतं. इंग्रजीत ते शब्दात सांगावंच लागतं.

शाळेत शिकवलेले नियम (नद्यांना 'द', पर्वतरांगांना 'द', एकट्या शिखराला नाही) अहवालात काडीचे कामाला येत नाहीत. अहवालात नद्या येतात कुठे? मी त्याऐवजी नामाला तीन प्रश्न विचारायला लागले. पहिला: ही वस्तू मोजता येते का? दुसरा: येत असेल तर इथे ती एकच आहे का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल, तर ते नाम उघडं राहूच शकत नाही. त्याच्यापुढे 'अ', 'द', 'धिस', 'अवर', काहीतरी हवंच. 'पंप वॉज स्टॉप्ड' हे कोणत्याच परिस्थितीत बरोबर नाही. एवढ्या एका गाळणीने निम्म्या चुका अडकतात. तिसरा प्रश्न: वाचणाऱ्याला नेमका कोणता, हे या क्षणी ठाऊक आहे का? असेल तर 'द', नसेल तर 'अ'. मेख 'वाचणाऱ्याला' या शब्दात आहे. लिहिणाऱ्याला सगळंच ठाऊक असतं, तो दिवसभर त्या पंपाशेजारी उभा होता, म्हणून तो पहिल्याच वाक्यात 'द पंप' लिहितो आणि वाचणारा मागची पानं उलटून शोधतो की या पंपाचा उल्लेख आधी कुठे आला. याउलट दुसऱ्या उल्लेखाला परत 'अ पंप' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं हा दुसरा पंप. म्हणजे उपपद चुकलं की यंत्रांची संख्या बदलते!

'अ' की 'ॲन' हा भाग पटकन उरकता येतो, तरी चुका दिसतात. अक्षर बघायचं नाही, उच्चार ऐकायचा. 'अ युनिट', 'अ यूजर', पण 'ॲन अवर', 'ॲन एक्स-रे', 'ॲन एलईडी'. देवनागरीत लिहून बघितलं तर उत्तर लगेच मिळतं: शब्द स्वराने सुरू झाला की 'ॲन'. ही सोय आपल्याला फुकट आहे.

आता सगळं खापर मराठीवर फोडता येत नाही, हेही वहीनेच दाखवलं. 'द क्वालिटी ऑफ द सॅम्पल्स वेअर गुड' या वाक्याखाली मराठी नाही. कर्ता 'क्वालिटी', एकवचनी. पण क्रियापदाच्या लगेच आधी 'सॅम्पल्स' बसलं आहे, आणि क्रियापद शेजाऱ्याचं ऐकतं. जन्मापासून इंग्रजी बोलणारेही हे करतात. कर्ता आणि क्रियापद यांत जितके शब्द घुसतील तितकी ही चूक वाढते. नियम सांगून ती कमी होत नाही. वाक्य लिहिताना नियम आठवायला कोणाला फुरसत असते? उपाय यांत्रिक आहे. क्रियापदाखाली रेघ मारायची, मग 'ऑफ', 'इन', 'विथ', 'फ्रॉम' यांनी सुरू होणारे तुकडे बोटाने झाकायचे. उरतं ते 'द क्वालिटी... वेअर', आणि चूक ओरडून सांगते. एक जोडी मात्र पाठच करावी लागते: 'अ नंबर ऑफ सॅम्पल्स वेअर' पण 'द नंबर ऑफ सॅम्पल्स वॉज'. पहिल्यात 'पुष्कळ नमुने' असा अर्थ, दुसऱ्यात खरंच आकड्याबद्दल बोलणं चालू आहे.

तपासणीची पद्धत यातूनच घडली. आधी मी अहवाल वरून खाली वाचत सगळ्या चुका एकदम शोधायचे. त्यात होतं असं की दोन पानांनंतर मी मजकुरात गुंतते, पुढे काय झालं याची उत्सुकता लागते, आणि डोळा शब्दांवरून घसरतो. आता एका फेरीत एकच गोष्ट. पहिली फेरी फक्त क्रियापदांची: प्रत्येकाचा कर्ता कोण, काळ कोणता. काळाबाबत एक साधी वाटणी ठेवली आहे: जे आपण केलं ते भूतकाळात, जे नेहमीच खरं असतं ते वर्तमानकाळात, आणि तक्ता किंवा आकृती जे दाखवते तेही वर्तमानकाळात. दुसरी फेरी नामांची, तीन प्रश्नांसह. तिसरी फेरी मी वाचतच नाही, शोधते. संगणकाच्या शोधखिडकीत एकेक शब्द टाकायचा: 'सिन्स', 'ऑल्दो', 'हॅड', 'वन ऑफ', 'बोथ', 'ओन्ली', 'डिस्कस'. शेवटचा यासाठी की त्याच्यामागे 'अबाउट' चिकटलेला असतोच. तसाच 'कम्प्राइझ'च्या मागे 'ऑफ' आणि 'रिटर्न'च्या मागे 'बॅक'. मग 'इट्स' शोधायचं. कानाला दोन्ही सारखेच, पण अपॉस्ट्रॉफी असलेला म्हणजे 'इट इज' किंवा 'इट हॅज', आणि नसलेला म्हणजे 'त्याचा'. प्रत्येक ठिकाणी मनात 'इट इज' किंवा 'इट हॅज' म्हणून बघायचं; दोन्ही बसलं नाही तर अपॉस्ट्रॉफी काढायची. औपचारिक अहवालात तर जोडरूपं वापरायचीच नाहीत, म्हणजे प्रश्न मिटला.

शेवटची फेरी उलटी. अखेरच्या वाक्यापासून सुरुवात करून एकेक वाक्य मागे जायचं. मजकुराचा ओघ तुटतो आणि प्रत्येक वाक्य एकटं, उघडं समोर येतं. कंटाळवाणं काम आहे, पण 'फ्रॉम'च्या जागी 'फॉर्म' पडलेला असेल तर तो इथेच सापडतो. स्पेलिंग तपासणारी व्यवस्था तो पकडेलच असं नाही, कारण दोन्ही शब्द कोशात आहेत. तसंच 'लेड'. 'लीड'चा भूतकाळ लोक मूळ शब्दासारखाच लिहितात, कारण 'रीड'चा भूतकाळ स्पेलिंग न बदलता 'रेड' होतो. आणि त्याच स्पेलिंगचा 'लेड' म्हणजे शिसं! धातूंच्या अहवालात हे वाचताना हसू आवरत नाही.

एवढा खटाटोप कशाला, सॉफ्टवेअर आहे की, असं मला नेहमी ऐकवलं जातं. आहे, आणि मी वापरते. गळलेला 'एस', दोनदा पडलेला 'द', 'अ'च्या जागी 'ॲन' यांत ते माझ्यापेक्षा तरबेज आहे. पण 'ऑल द सॅम्पल्स डिड नॉट पास' हे वाक्य त्याने निमूट जाऊ दिलं, कारण व्याकरणात ते चुकलेलंच नाही. चुकलेला आहे तो अर्थ, आणि तो लिहिणाऱ्याच्या डोक्यात आहे. हल्ली अख्खा परिच्छेद घासूनपुसून देणारी साधनं आली आहेत, त्यांच्याबाबत तर मी जास्तच सावध असते. एका मसुद्यात 'द डिफरन्स वॉज नॉट सिग्निफिकंट' होतं; परत आलं तेव्हा 'नॉट इम्पॉर्टंट' झालं होतं. संख्याशास्त्रात 'सिग्निफिकंट'ला ठरलेला अर्थ आहे: खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी आहे. फरक महत्त्वाचा की बिनमहत्त्वाचा, याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि 'मे कॉज'मधला 'मे' कधी उडतो ते कळतही नाही. शंका होती तिथे खात्री उमटते. म्हणून साधनाने बदललेलं प्रत्येक वाक्य मूळ वाक्याशेजारी ठेवून वाचायचं, हा नियम मी सगळ्यांसाठी सक्तीचा केला. त्यात वेळ जातो. मग साधनाने वाचवलेला वेळ गेला कुठे, असं एकाने विचारलं. रास्त विचारलं.

या सगळ्यात भांडणं झाली ती खऱ्या चुकांवरून नाही, खोट्या चुकांवरून. आमच्याकडचे एक ज्येष्ठ सहकारी 'बट'ने सुरू झालेलं वाक्य पाहिलं की अस्वस्थ व्हायचे, आणि वाक्याच्या शेवटी 'विथ' किंवा 'ऑफ' आला तर तो उचलून मधे नेऊन ठेवायचे. वाक्य त्यामुळे अवघडून बसायचं. मी शोध घेतला तेव्हा कळलं, शेवटच्या शब्दयोगी अव्ययावर आक्षेप घेतला तो कवी जॉन ड्रायडन यांनी, १६७२ मध्ये, नाटककार बेन जॉन्सन यांच्या ओळींवर टीका करताना. पुढे १७६२ मध्ये रॉबर्ट लोथ यांनी आपल्या व्याकरणात ही लकब गंभीर लेखनात टाळलेली बरी असं म्हटलं. पण ते सांगताना, आपल्या भाषेचा या लकबीकडे फार ओढा आहे, हे त्यांनी ज्या वाक्यात लिहिलं त्याचा शेवट 'टू'नेच केला. विनोद म्हणून असेल किंवा सहज. 'फ्यूअर' आणि 'लेस'चा नियम (मोजता येतं त्याला 'फ्यूअर', येत नाही त्याला 'लेस') तर १७७० मध्ये रॉबर्ट बेकर यांनी स्वतःची आवड म्हणून नोंदवला आणि पुढे तो कायदा झाला. 'टू' आणि क्रियापद यांच्यात शब्द घालू नये हा दंडकही असाच उशिरा, एकोणिसाव्या शतकात रुजला. हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "असेल, पण मला ते खटकतं." त्यांच्या अहवालात मी 'बट' काढून 'हाउएव्हर' घालते. माणूस खटकून घेत वाचणार असेल तर इतिहास उपयोगाचा नाही. इतरांच्या अहवालात मात्र मी या गोष्टींना हात लावत नाही आणि 'चूक' म्हणून तर मुळीच मोजत नाही. एकट्या व्यक्तीसाठी 'दे' वापरणंही मी आता जाऊ देते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखननियमांनी २०१९ च्या आवृत्तीत त्याला मान्यता दिली, आणि 'ही ऑर शी' दर वाक्यात वाचण्यापेक्षा ते सुसह्य आहे.

'हाउएव्हर'वरून आठवलं. तो घातला की नवी चूक जन्माला येते. 'द टेस्ट वॉज रिपीटेड, हाउएव्हर, द रिझल्ट वॉज सेम.' दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडलेली (आणि 'सेम'च्या आधीचा 'द' गळालेला). मराठीत 'चाचणी पुन्हा केली, निकाल तोच' हे खटकत नाही. आपला स्वल्पविराम ऐसपैस आहे. इंग्रजीत तिथे पूर्णविराम किंवा अर्धविराम लागतो. अर्धविराम आमच्याकडे कोणी वापरत नसे, कारण कुठे वापरायचा हे कोणी धड सांगितलेलं नव्हतं. मी एकच जागा सांगितली: जिथे पूर्णविराम चालला असता पण दोन वाक्यं एकमेकांना धरून आहेत, तिथे. बाकीचे उपयोग नंतर बघू म्हटलं, आणि ते 'नंतर' अजून आलेलं नाही.

विरामचिन्हांना किरकोळ समजणाऱ्यांसाठी माझ्याकडे एक गोष्ट तयार असते. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट नावाच्या दूध कंपनीच्या चालकांनी जादा कामाच्या पैशांसाठी दावा लावला होता. कोणत्या कामांना जादा वेतन लागू नाही, याची यादी कायद्यात होती, आणि तिचा शेवट 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असा होता. 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नव्हता. मग 'वाटप' हे यादीतलं वेगळं काम, की 'वाटपासाठी बांधाबांध' असं एकच काम? चालक बांधाबांध करत नव्हते, वाटप करत होते. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने ही संदिग्धता चालकांच्या बाजूने सोडवली, आणि २०१८ मध्ये प्रकरण ५० लाख डॉलरवर मिटलं. यादीतल्या शेवटच्या घटकाआधी स्वल्पविराम द्यायचा की नाही यावर इंग्रजीत दोन पंथ आहेत. आम्ही द्यायचा असं ठरवलं, ते त्या गोष्टीनंतरच.

आता लाल खुणांची फाइल मी परत पाठवत नाही. प्रत्येकाला त्याच्याच चार-पाच शब्दांची यादी देते: 'हे शोधा, मग माझ्याकडे पाठवा.' एकाची यादी दुसऱ्याच्या कामाची नसते, हे विशेष. कोणाचं 'हॅड' सुटत नाही, कोणाचं उपपद, तर एकाचा सगळा जीव 'विच' आणि 'दॅट'मध्ये अडकलेला. त्याला मी सांगून ठेवलं आहे की इंग्लंडमध्ये जिथे 'विच' खुशाल चालतो, तिथे अमेरिकी संपादक 'दॅट' करतात. त्यावर झोप घालवू नये. काही जण तर वाक्य अडलं की आधी कागदावर मराठीत लिहून बघतात, मग त्यातले 'च', 'होतं' आणि 'तरी' खोडून इंग्रजी वाक्य करतात.

एक प्रश्न मात्र लोंबकळतो आहे. 'डेटा इज' की 'डेटा आर'? मूळ लॅटिनमध्ये तो अनेकवचनी, रोजच्या इंग्रजीत बहुतेक एकवचनी, आणि शास्त्रीय नियतकालिकांत ज्याचा त्याचा पायंडा. विभागात यावर दोन तट आहेत आणि दोघांच्याही हातात कोश आहेत. मी निकाल दिलेला नाही. अट एवढीच घातली आहे की एका अहवालात एकच पक्ष चालेल. मागच्याच अहवालात गोषवारा 'इज'चा आणि निष्कर्ष 'आर'चा निघाला. दोघांनी मिळून लिहिला होता.